विषय येणे आणि विषय शिकविता येणे

विज्ञान अथवा अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याचा ज्या शिक्षकाशी सर्वांत जवळून संबंध येतो, तो शिक्षक पुष्कळदा स्वतःच विद्यार्थी असतो. विद्यापीठांत व तंत्रशिक्षण संस्थांत पदव्युत्तर आणि पीएच.डी.चे विद्यार्थी प्रात्यक्षिकांच्या वेळी मार्गदर्शन करतात, उदाहरणे सोडवून घेतात, जर्नले तपासतात. उद्याचे प्राध्यापकही यांच्यातूनच निवडले जातात. शाळेतील शिक्षकाला बी.एड. आवश्यक मानण्यात आले; महाविद्यालयीन शिक्षकाच्या बाबतीत मात्र विषय आला म्हणजे तो शिकविताही येईल, असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले.

या दृष्टीने विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ सालचे पीएच.डी.विषयक विनियम महत्त्वाचे आहेत. प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या संदर्भात अध्यापन, शिक्षणशास्त्र वा लेखन यांचे प्रशिक्षण घ्यावे, अशी त्यांत तरतूद आहे. तसेच ट्यूटोरियल, प्रयोगशाळेतील काम व मूल्यमापन यांसाठी आठवड्यातून चार ते सहा तासांचे साहाय्य त्याच्याकडे सोपविता येते. हे प्रशिक्षण कसे असावे, हा खरा प्रश्न आहे.

गृहीताची परीक्षा

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकविणारे प्रा. एरिक माझूर यांना १९९० च्या सुमारास एक धक्कादायक अनुभव आला. कठीण उदाहरणे सूत्रांच्या आधारे बिनचूक सोडविणारे त्यांचे विद्यार्थी साध्या संकल्पनांवरील प्रश्नांत अडखळत होते. अवजड ट्रक व लहान मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर अधिक बल लावतो? न्यूटनचा तिसरा नियम मुखोद्गत असणारेही ट्रकचे नाव घेतात. वस्तुतः दोन्ही बले समान असतात. माझूर यांनी १९९१ पासून आपली पद्धत बदलली. प्रश्न विचारावा, प्रत्येकाने प्रथम स्वतः उत्तर ठरवावे, शेजाऱ्याशी चर्चा करावी आणि मग पुन्हा उत्तर द्यावे, असा क्रम त्यांनी लावून दिला.

२०१४ साली स्कॉट फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या अध्यापनावरील २२५ अभ्यास एकत्रित तपासले. केवळ व्याख्यानावर भर असलेल्या वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के आढळले; विद्यार्थ्यांना विचार व चर्चा करावयास लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के होते. शंभरांतील हे बारा विद्यार्थी म्हणजे केवळ आकडा नव्हे. ज्या घरातून पहिलाच मुलगा वा मुलगी अभियांत्रिकीला आली आहे, त्या घराच्या दृष्टीने वाया गेलेल्या एका वर्षाचा अर्थ फार मोठा असतो.

लंबकाचे उदाहरण

लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. उत्तर ९८० च्या आसपास यावयास हवे, हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते; मग उत्तरावरून निरीक्षणे भरली जातात. साहाय्यक केवळ उत्तर पाहून जर्नलावर सही करीत असेल, तर तोही या लबाडीस नकळत हातभार लावतो. त्याऐवजी त्याने एकच प्रश्न विचारावा : एका आंदोलनाऐवजी वीस आंदोलनांचा वेळ का मोजावयाचा? सुमारे एक मीटर लांबीच्या लंबकाचे एक आंदोलन दोन सेकंदांचे असते. घड्याळ दाबताना ०.२ सेकंदाची चूक झाली, तर एका आंदोलनात ती दहा टक्के होते. वीस आंदोलनांच्या चाळीस सेकंदांत ती अर्धा टक्काच राहते. हे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या तोंडून निघाले, म्हणजे प्रयोग सार्थकी लागला.

प्रशिक्षणात काय असावे

पहिली गोष्ट म्हणजे पूर्वतयारी. साहाय्यकाने प्रयोग आदल्या दिवशी स्वतः करून पाहावा आणि नवख्याचा पाय कोठे घसरेल, याची टिपणे करावीत. दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्न विचारून थांबणे. शांतता असह्य होऊन स्वतःच उत्तर देण्याचा मोह नव्या शिक्षकाला हमखास होतो. तिसरी गोष्ट भाषेची. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ‘बल’ व ‘ऊर्जा’ हे शब्द पुस्तकात भेटतात. बोलताना मात्र या दोहोंना तो ‘ताकद’ म्हणतो. वजन व वस्तुमान यांचीही तशीच गल्लत होते. हा गोंधळ इंग्रजी व्याख्येने मिटत नाही. त्याच्याच भाषेत दोन वाक्ये बोलावी लागतात. चौथी गोष्ट म्हणजे वरिष्ठ शिक्षकाने तासाला बसून नंतर दहा मिनिटे मोकळेपणी बोलणे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पुढाकाराने २००३ साली सुरू झालेल्या एका उपक्रमात संशोधक विद्यार्थ्यांना अध्यापनाकडेही संशोधन म्हणूनच पाहावयास शिकविले जाते. काय समजले नाही, याचा अंदाज बांधावा, उपाय योजावा, परिणाम तपासावा, ही रीत त्यांना प्रयोगशाळेत अवगत असतेच. ती फक्त वर्गात न्यावयाची असते.

अर्थात साहाय्यक म्हणजे फुकटचे मनुष्यबळ नव्हे, हे विभागांनी ध्यानात ठेवले पाहिजे आणि अध्यापनाला दिलेले तास संशोधनातून वजा झाले, अशी खंत मार्गदर्शकांनी बाळगू नये. दुसऱ्याला समजावून सांगताना आपले ज्ञान किती पक्के आहे, याची कसोटी लागते. ती तरुणपणीच लागली, तर विद्यार्थी, संशोधक व संस्था या तिघांचेही हित साधेल.