हेलिकॉप्टरची सहल आणि व्यापाऱ्याची यतना

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने कोरलेली ग्रँड कॅनियन ही दरी सुमारे ४४६ किलोमीटर लांब व दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. १९६५ च्या सुमारास दरीतून पलीकडच्या काठास पाणी नेणाऱ्या नळाचे काम एलिंग हॅल्व्हरसन या ठेकेदाराकडे होते. खाली गाडीरस्ता नसल्यामुळे माणसे व सामान हेलिकॉप्टरने न्यावे लागे. या कामातूनच प्रवाशांना दरी दाखविण्याची कल्पना निघाली आणि पुढे ‘पॅपिलॉन’ ही कंपनी उभी राहिली. एका धंद्याच्या साधनात दुसऱ्या धंद्याचे बीज पाहणारी ही दृष्टी आपणां व्यापाऱ्यांस अपरिचित नाही.

या धंद्यात माल म्हणजे बसण्याची जागा. आणि आज न विकलेली जागा उद्यासाठी वखारीत ठेवता येत नाही. तथापि प्रत्येक प्रवाशास आधी काट्यावर उभे राहावे लागते, कारण कोणी कोठे बसावे हे वजनावरून ठरते. दुपारच्या उष्म्याने हवा विरळ होते, यंत्राची उचल घटते. अशा वेळी एखादी जागा रिकामी सोडणे हाच खरा हिशेब होय.

१८ जून १९८६ रोजी या दरीवर अन्य कंपन्यांचे सहलीचे एक विमान व एक हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन २५ जण मृत्यू पावले. १९८७ साली कायदा झाला आणि त्यानंतर उड्डाणांचे मार्ग, उंची व वर्ज्य क्षेत्रे निश्चित झाली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये मात्र पॅपिलॉनचेच एक हेलिकॉप्टर कोसळले, इंधनाने पेट घेतला व पाच प्रवासी प्राणास मुकले. आघातातही न फुटणाऱ्या टाकीचा नियम १९९४ पासून होता. परंतु तो नव्या आराखड्यांपुरताच असल्याने जुन्या आराखड्यावर बेतलेल्या या यंत्रास सूट होती. अपघातानंतर कंपनीने तशा टाक्या बसविण्याचे जाहीर केले. २०२४ साली एका मृताच्या कुटुंबास १० कोटी डॉलर देण्याची तडजोड झाली. त्यांतील सुमारे साडेसात कोटी निर्मात्या एअरबसने व उरलेले पॅपिलॉनने द्यावयाचे होते.

कायद्याने सूट दिली, तरी अग्नीने दिली नाही. पाऊल टाकताना भूमी निरखून पाहावी, अशी ईर्यासमितीची शिकवण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जो ग्राहक आपला जीव आपल्या हाती सोपवितो, त्याच्यासाठी कायद्याच्या एक पाऊल पुढे पाहणे, हीच व्यापारातील यतना होय.