मारणारा कोण, मार खाणारा कोण ?

तीनचार वर्षांपूर्वीं, गौरीगणपतीच्या दिवसांत, आमची एक जुनी विद्यार्थिनी आपल्या मैत्रिणीस घेऊन आमच्या घरीं आली होती. दोघी एका बिऱ्हाडीं राहतात, आणि केवळ मैत्रिणी म्हणून राहत नाहींत, हें तिनें आम्हांस आधींच कळविलें होतें. विद्यार्थिनी उंच, बॉयकट केलेली, पँट-शर्ट घालून दुचाकीवरून आलेली. मैत्रीण लांब वेणीची, मृदु बोलणारी, आमच्या सौभाग्यवतींच्या हाताखालीं पानें मांडणारी. जेवणानंतर ओसरीवर दोघींची कांहीं बोलाचाली झाली व मैत्रीण डोळे पुशीत आंत आली. आम्हीं लागलीच विद्यार्थिनीला बाजूस घेऊन चार शब्द सुनावले. "तूं अंगापिंडानें जबर आहेस, तिला सांभाळून घे." तिनें मान खालीं घातली व "होय, सर" इतकेंच म्हणाली.

गेल्या चैत्रांत ती एकटीच आली. उजव्या हाताचें एक बोट वांकडें जुळलेलें होतें. तें दारांत चेंगरलें असें तिनें कचेरींत सांगितलें होतें. दार मुद्दाम लावलें गेलें होतें हें तोंडांतून निघावयास दोन वर्षें लागलीं. तिच्या परवानगीनें, आणि तिची ओळख पटणार नाहीं अशा बेतानें, आम्ही हें लिहीत आहों.

आम्हीं काय केलें होतें ? त्या दोघींत नवरा-बायको शोधलीं, पोषाखावरून नवरा ठरविला, आणि नवरा तोच मारणारा असेंही ठरवून टाकलें. संस्कृतांत द्वंद्व या एकाच शब्दाचा अर्थ जोडी असाही होतो आणि लढाई असाही. तो शब्द आम्हीं वर्गांत तीस वर्षें शिकविला. त्यांतली मेख मात्र आतां ध्यानांत आली. जोडी दिसली कीं मन तींत नर-मादी पाहूं लागतें, आणि तीं सांपडलीं नाहींत कीं जें चाललें आहे त्याला झोंबी समजून मोकळें होतें.

ही खोड आमच्या एकट्याची नाहीं. अमेरिकेंतील परिचर्याशास्त्राच्या दोन अभ्यासक, डेना हसौनेह व नॅन्सी ग्लास, यांनीं स्त्रियांच्या जोडप्यांतील छळाविषयीं २००८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसून येतें कीं, बाई बाईला इजा करीत नाहीं ही समजूत खुद्द मार खाणाऱ्या स्त्रीच्याही मनांत घट्ट बसलेली असते. त्यामुळें आपल्यावर जें चाललें आहे त्याला छळ हें नांव द्यावयासच ती धजत नाहीं. पोलिस आले तर ते त्याला बायकांचीं भांडणें, झिंज्या ओढणें, असें समजून हंसण्यावारीं नेतात. आणि मारणारी दिसावयास नाजूक असली, तिनें दोन आसवें गाळलीं, तर तीच पीडित ठरते व पुरुषी दिसणारी गुन्हेगार ! आमच्या ओसरीवर याहून वेगळें काय झालें होतें ?

त्याच देशाच्या रोगनियंत्रण केंद्रानें २०१० सालीं एक मोठी पाहणी केली. तिचे या विषयावरील आंकडे २०१३ सालीं छापले गेले. आयुष्यांत कधींतरी जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण वा पाठलाग सोसलेल्या स्त्रियांचें प्रमाण समलिंगी स्त्रियांत शेंकडा ४३.८ होतें, तर भिन्नलिंगी स्त्रियांत ३५. स्त्री व पुरुष दोघांकडेही ओढ असलेल्या स्त्रियांत तें ६१.१ पर्यंत जातें. मात्र यावरून बायकाच अधिक मारकुट्या असें अनुमान कोणीं काढूं नये. छळ सोसलेल्या समलिंगी स्त्रियांपैकीं सुमारें दोनतृतीयांश जणींनीं मारणारी केवळ स्त्रीच होती असें सांगितलें. बाकीच्यांच्या वांट्यास पुरुषही आले होते. तरीही 'दोघी बायकाच, तेथें कसली मारहाण' हें म्हणणें त्या आंकड्यांपुढें टिकत नाहीं.

पुरुषांच्या जोडप्यांत हीच समजूत उलट अंगानें वावरते. दोघे बरोबरीचे, मग एकानें मारलें तर दुसऱ्यानें उलट कां मारूं नये ? डेव्हिड आयलंड व पॅट्रिक लेटेलियर यांनीं १९९१ सालीं या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पण मार खाल्लेला पुरुष आजही तोंड लपवितो.

आपल्या रंगभूमीस असें नातें अगदींच अनोळखी नाहीं. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) या नाटकांत सुमित्रा कॉलेजच्या नाटकांत पुरुषाची भूमिका घेते आणि नायिका झालेल्या नमाच्या प्रेमांत पडते. पण भूमिका पुरुषाची म्हणून जोरही तिचाच, असें म्हणतां येत नाहीं.

या जोडप्यांत हात उगारण्यापूर्वीं आणखी एक शस्त्र उपसलें जातें, आणि तें आपणच पुरविलेलें असतें. "तुझ्या आईवडिलांना सांगेन, कचेरींत सांगेन." विद्यार्थिनीच्या आईस रक्तदाबाचा विकार, घरांत काका-काकू, चुलतबहिणींचीं लग्नें व्हावयाचीं. एका दूरध्वनीनें सगळें कोसळेल ही भीति तिला बोटाच्या वेदनेहून मोठी वाटली. अशा गोष्टी कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत कशाला, असें ज्या वडीलधाऱ्यांस वाटेल त्यांनीं एवढें पाहावें कीं ती धमकी चालते ती आपल्या घराच्या नांवावर.

कायद्याची गति चमत्कारिक आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रौढांचे संमतीचे खाजगी समलिंगी संबंध गुन्ह्यांतून काढले. घरगुती छळाविरुद्धचा २००५ चा कायदा स्त्रियांपुरता आहे. त्यांत आरोप मुख्यतः 'प्रौढ पुरुषावर' करतां येई. मुंबईच्या एका मायलेकींच्या प्रकरणांत २०१६ सालीं ते शब्द गळाले, आणि आतां भावजयीविरुद्धही दाद मागतां येते. परंतु नातें मात्र रक्ताचें, विवाहाचें वा विवाहसदृश, दत्तकाचें किंवा एकत्र कुटुंबाचें असावें लागतें. दोघी स्त्रियांचें नातें विवाहसदृश या व्याख्येंत बसत नाहीं असें सर्वोच्च न्यायालय २०१३ सालीं एका निकालांत म्हणून गेलें. आणि समलिंगी विवाहाचा हक्कही त्यानें १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं मान्य केला नाहीं. म्हणजे भावजयीनें बोट मोडलें तर एक दार उघडें, सहचारिणीनें मोडलें तर तें बंद !

उरतें तें साधें फौजदारी दार. हाड मोडणें ही जबर दुखापत; जुन्या दंडविधानांत होती, १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेंतही आहे, आणि तेथें मारणाऱ्याचें लिंग कोणी विचारीत नाहीं.

तक्रार करावी कीं नाहीं हें तिनें अद्याप ठरविलेलें नाहीं. क्ष-किरणाचें चित्र तिनें जपून ठेवलें आहे. त्या दिवशीं ओसरीवर जें पाहिलें तें लिहून द्या, एवढेंच तिनें आमच्याजवळ मागितलें. आम्ही लिहावयास बसलों, तेव्हां कळलें कीं मैत्रीण रडत आंत आली याखेरीज आम्हीं कांहींच पाहिलेलें नव्हतें. विद्यार्थिनीच्या तोंडाकडे आमचें लक्षच गेलें नव्हतें. पाहिलें होतें तें आमच्या सौभाग्यवतींनीं. ताक वाढतांना तिच्या मनगटावर काळेनिळे वळ त्यांना दिसले होते, आणि "गाडीवरून पडलें" असें ती म्हणाली होती. तें त्यांनीं स्वतःच्या अक्षरांत लिहून, खालीं सही व तारीख घालून तिच्या हवालीं केलें.