टेक्सासमधील लहान शिकारराने : हरणांचा समतोल कसा राखला जातो?

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ९० टक्क्यांहून अधिक जमीन खासगी मालकीची आहे. त्यामुळे तेथील पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे भवितव्य शासकीय अभयारण्यांपेक्षा जमीनमालकांच्या निर्णयांवर अधिक अवलंबून असते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हरणांच्या शिकारीस बंदी आहे. अमेरिकेत मात्र परवाना, ठरावीक हंगाम आणि संख्येची मर्यादा या अटींवर ती कायदेशीर आहे. जमीन खासगी असली तरी तिच्यावर वावरणारी वन्य हरणे कायद्याने जनतेच्या मालकीची मानली जातात.

एकोणिसाव्या शतकातील बेसुमार बाजारी शिकारीमुळे ही जात देशाच्या अनेक भागांतून नाहीशी झाली होती. १९०० च्या लेसी कायद्याने अवैध शिकारीच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आणली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनासाठी राखून ठेवले. कालांतराने हरणांची संख्या सावरली. परंतु लांडग्यांसारखे नैसर्गिक शत्रू बहुतेक प्रदेशांतून नष्ट झाल्याने अनेक ठिकाणी ती प्रमाणाबाहेर वाढली.

पन्नास-शंभर एकरांच्या मालकापुढील पहिली अडचण म्हणजे हरीण त्याची हद्द मानत नाही. एका हरणाचा वावर शेकडो एकरांवर असू शकतो. एकाने राखलेला तरुण नर शेजारच्या रानात मारला जाऊ शकतो. म्हणूनच टेक्सासमध्ये शेजारी मालक एकत्र येऊन सहकारी संघ स्थापन करतात आणि गणना व शिकारीचे नियम एकत्रितपणे ठरवतात.

दुसरा प्रश्न चाऱ्याचा आहे. हे हरीण मुख्यतः झुडपांचा कोवळा पाला आणि रुंद पानांच्या वनस्पतींवर जगते. केवळ गवतावर ते तग धरू शकत नाही. संख्या वाढली की हरणाचे तोंड पोहोचेल तेथपर्यंतचा पाला नाहीसा होतो आणि नवी रोपे वाढत नाहीत. पाडसे अशक्त होतात आणि नरांची शिंगेही खुरटतात. मादीला बहुधा जुळी पाडसे होतात व एक नर अनेक माद्यांशी संयोग करतो. त्यामुळे केवळ मोठ्या शिंगांचे नर टिपल्याने संख्या आटोक्यात येत नाही. काही माद्याही कमी कराव्या लागतात. अनेक शिकाऱ्यांना हीच गोष्ट स्वीकारणे जड जाते.

या प्रश्नाशी भारताचाही संबंध आहे. १९३२ मध्ये टेक्सासमध्ये आणलेले भारतीय चितळ आज तेथे मोकळ्या रानात पसरले आहेत. पाला संपला तरी चितळ गवतावर निभावतात. केर वन्यजीव क्षेत्रात १९७१ मध्ये ९६ एकरांच्या कुंपणात सहा स्थानिक हरणे आणि अशाच सवयीची सहा आशियाई सिका हरणे सोडण्यात आली होती. १९७९ पर्यंत स्थानिक हरणांपैकी एकही उरले नाही, सिका मात्र वाढत गेली. चितळांसारख्या परक्या जातींसाठी तेथे शिकारीचा हंगाम वा संख्येची मर्यादा ठेवलेली नाही.

तिसरे संकट रोगाचे आहे. 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' हा हरणांच्या मेंदूचा प्राणघातक विकार १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम आढळला आणि २०१२ मध्ये टेक्सासमध्ये पोहोचला. त्यावर लस वा उपचार नाही. विकृत प्रथिनांमुळे होणारा हा रोग लाळ व विष्ठेतून पसरतो. शिकारीच्या सोयीसाठी एकाच जागी मका टाकल्यास हरणांची गर्दी होऊन संसर्गाचा धोका वाढतो.

म्हणून खाद्य टाकण्यापेक्षा झुडपे टिकवणे, गुरांची चराई मर्यादित ठेवणे, पाण्याची सोय करणे आणि मारलेल्या प्रत्येक हरणाचे वजन व दातांवरून ठरवलेले वय नोंदवणे, हा लहान मालकासाठी अधिक खात्रीचा मार्ग ठरतो. काही वर्षांच्या नोंदी हाती आल्या की पुढील हंगामात किती हरणे कमी करावीत, याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही.