न संपणारी ओळ वाचताना

समजा, घाटकोपर मेट्रो स्थानकावरच्या प्रत्येक प्रवेशाची नोंद एकाच ओळीत, वेळेच्या क्रमाने नवा रकाना जोडत ठेवली. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला. तेव्हापासूनची ती ओळ आज केवढी झाली असती! फेसबुकने २००८ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या कॅसांड्रा या डेटाबेसमध्ये अशा ओळी खरोखर असतात. एका ओळीची मर्यादा सुमारे २ अब्ज रकाने.

अडचण वाचताना येते. डेटाबेस अनेक यंत्रांवर विखुरलेला असला, तरी एक ओळ तुकडे होऊन वाटली जात नाही. ती अख्खी एका यंत्रावर असते, प्रती दुसरीकडे. सगळी एकदम मागितली, तर त्या यंत्राची मेमरी भरून जाते.

म्हणून पोथीत मोरपीस ठेवावे तसे करायचे. आधी पहिले हजार रकाने मागायचे, शेवटच्याचे नाव लक्षात ठेवायचे, पुढची मागणी तिथून. रकाने क्रमाने लावलेले असल्यामुळे यंत्र थेट त्या जागी पोहोचते. जुन्या पद्धतीत खुणेचा रकाना पुन्हा हाती येई. तो वगळायचा राहिला की मोजणी चुकलीच! कॅसांड्राच्या २०१३ च्या २.० आवृत्तीपासून ही खूण ड्रायव्हर, म्हणजे आपला प्रोग्राम डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी, सांभाळतो.

तरीही माझे मत ठाम आहे : स्थानक आणि तारीख मिळून एक ओळ करा. रोज नवी ओळ सुरू होऊ द्या.