यादीत नाव लागले नाही, पुढे काय?

जून महिना उजाडला की आपल्या वसाहतीत एकच चर्चा सुरू होते. "बारावीला किती?", "सीईटीला किती पडले?", "नंबर कुठे लागला?" पूर्वी प्रवेशाची यादी महाविद्यालयाच्या फळ्यावर लागत असे. नाव नसले तर मुलाला निदान घरी येईपर्यंतची वाट तरी एकट्याला मिळत असे. आता यादी मोबाईलवर येते, आणि ती उघडताना सारे घर त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत असते. आपली संस्था दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते, ही आनंदाची बाब आहे. परंतु ज्यांचा नंबर कुठेच लागलेला नाही ती मुले त्या दिवशी सभागृहाकडे फिरकत नाहीत, आणि त्यांचे आईवडीलही काही निमित्त काढून येण्याचे टाळतात. प्रस्तुत लेख त्यांच्यासाठी आहे. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. बँकेत कारकून आहोत. शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला येणारी कुटुंबे पाहतो, आणि सुटीच्या दिवशी संस्थेच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. त्यातून जे उमगले ते येथे मांडत आहोत.

प्रथम हे 'नाही' म्हणजे काय ते समजून घेऊ. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या सरकारी व खासगी मिळून साऱ्या जागा सव्वा लाखाच्याही आत होत्या. म्हणजे वीस मुलांमागे जेमतेम एक जागा. उरलेली एकोणीस मुले नालायक ठरली असे कोणी म्हणेल काय? तीच गोष्ट पर्सेंटाइलची. अनेक पालक पर्सेंटाइल म्हणजे टक्केच समजतात. "दहावीला पंच्याऐंशी टक्के होते, सीईटीलाही पंच्याऐंशी आहेत, मग प्रवेश का नाही?" असे ते विचारतात. पंच्याऐंशी पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी सुमारे पंधरा टक्के मुले आपल्या पुढे आहेत. समजा तीन लाख मुले बसली, तर पुढे सुमारे पंचेचाळीस हजार झाली. हे गणित मुलासमोर बसून एकदा कागदावर मांडावे. त्याने दुःख जात नाही, पण "मीच मठ्ठ आहे" हा समज बराच कमी होतो.

नंबर न लागण्याचे कारण प्रत्येक वेळी गुण हेच असते असेही नाही. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत कितीतरी महाविद्यालयांचे पर्याय देण्याची मुभा असते, तरी आपली मुले चार-पाच नावाजलेली नावे टाकून मोकळी होतात. मागच्या वर्षी आपल्या प्रवर्गाची यादी कोणत्या महाविद्यालयात कुठे थांबली, हे सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर पाहता येते. ते पाहून आवडीची महाविद्यालये वर, हाती लागण्याजोगी खाली, अशी लांब यादी द्यावी. पहिल्या फेरीत नाव आले नाही म्हणून सारे संपले असे मुळीच नाही. पुढच्या फेऱ्या असतात. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून शेजारच्या दादाने सांगितलेले न ऐकता त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी.

आता घरातल्या पहिल्या आठ दिवसांविषयी. हा भाग आम्हास सर्वांत महत्त्वाचा वाटतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. प्रत्येकामागे प्रवेश हेच कारण होते असे नव्हे. तरीही या दिवसांत पालकांनी बेसावध राहू नये. मुलगा जेवत नाही, रात्रभर जागा असतो, मित्रांचे फोन घेत नाही, आवडीच्या वस्तू वाटून टाकतो, "मी नसतो तर तुमचा खर्च वाचला असता" असे बोलतो, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे ठेवू नये आणि सरळ विचारावे की तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का. असे विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. शासनाची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येते. हा क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

या दिवसांत काय बोलू नये याची यादी करायची तर फार मोठी होईल. "क्लासला एवढे पैसे ओतले" हे वाक्य तर घरोघरी ऐकू येते. पैसे गेले हे मुलाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. दुसरे एक वाक्य खास आपल्या घरांतले आहे. "बाबासाहेब कसल्या परिस्थितीत शिकले, आणि तुला सगळे देऊनही?" ज्या नावाने मुलाने उभे राहायचे त्याच नावाची आपण काठी करतो. आणि सांगायचेच असेल तर सगळे सांगावे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले. नोकरी केली, अपमान सोसले, पैसे साठवले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. पुढे १९२३ च्या मार्चमध्ये त्यांचा डी.एस्सी.चा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला. तो त्यांनी पुन्हा लिहून दिला व त्याच वर्षाअखेर तो मान्य झाला. जयंतीच्या भाषणांत पदव्यांची यादी आपण वाचतो. मधली ती तीन वर्षे आणि तो परत आलेला प्रबंध मात्र मुलांना कोणी सांगत नाही.

मग बोलावे तरी काय? आमच्या पाहण्यातील एका वडिलांनी, ते महापालिकेत सफाई खात्यात होते, मुलाला एवढेच सांगितले की, "रविवारपर्यंत या विषयावर कोणी बोलणार नाही. रविवारी आपण वही घेऊन बसू." मधले दिवस ते त्याला बाजारात घेऊन गेले, आजीकडे घेऊन गेले. मात्र पुढच्या फेरीची तारीख, कागदपत्रांची मुदत हे सर्व त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतले. मूल दुःखात असताना निर्णय घेऊ नये हे खरे, पण मुदत काही त्याच्या दुःखासाठी थांबत नाही. तेवढे काम पालकांचे.

रविवारी वही उघडल्यावर वाटा किती आहेत ते पाहावे. अभियांत्रिकीची पदवी हुकली तरी बारावी विज्ञान झालेल्या मुलाला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. दोन वर्षांत पदविका, त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, तेथे तीन वर्षे. एकूण पाच वर्षे झाली. सरळ वाटेने चार लागली असती. एका वर्षाचा फरक, आणि मध्ये पदविका हातात असल्याने घरची गरज पडली तर नोकरी धरता येते. आयटीआयकडे आपले लोक नाक मुरडतात. पण वीजतंत्री किंवा फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्या मुलालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची वाट खुली असते, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकता येते.

वैद्यकीय प्रवेश हुकलेल्यांनी आयुर्वेद व होमिओपॅथी यांचे प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतात हे ध्यानात घ्यावे. बी.एस्सी. नर्सिंगची राज्यात वेगळी सीईटी आहे. डी.फार्म. दोन वर्षांचे आहे, त्यानंतर बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण देऊ शकतो.

राहिली कला शाखा. आम्ही स्वतः बी.ए. आहोत, त्यामुळे आमचे मत थोडे पक्षपाती वाटेल. कला शाखा म्हणजे कुठेच जागा न मिळालेल्यांची धर्मशाळा, ही समजूत आपल्या समाजात फार रुजली आहे. बँकांच्या लिपिक परीक्षेला, राज्य लोकसेवा आयोगाच्या बहुतेक परीक्षांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. अट एकच, ती तीन वर्षे नुसती हजेरीत जाऊ नयेत. इंग्रजी, अंकगणित आणि रोजचे वाचन पहिल्या वर्षापासून चालू हवे. पुण्याची बार्टी ही संस्था अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी बँक, रेल्वे व स्पर्धा परीक्षांचे मोफत प्रशिक्षण चालवते, त्याच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. घरची परिस्थिती अशी असेल की मुलाला लगेच कामाला लागणे भाग आहे, तर १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच.

"एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देऊ?" हा प्रश्न हमखास येतो. आमच्या मते याचे उत्तर मुलाच्या जिद्दीवर सोपवू नये, गुणपत्रिकेवर सोपवावे. थोडक्यात हुकले असेल, कोणता विषय नडला हे ठाऊक असेल, आणि या खेपेस अभ्यासात नेमके काय बदलणार हे मुलाला सांगता येत असेल, तर एक वर्ष जरूर द्यावे. नुसते "या वेळी मन लावून करीन" एवढेच उत्तर असेल तर देऊ नये. आणि एकच वर्ष, हे आधीच ठरवून घ्यावे. मुलींच्या बाबतीत तर नकार आला की दोन महिन्यांत स्थळे पाहायला सुरुवात होते, असे आम्ही पाहतो. मुलाला दुसरी संधी आणि मुलीला पाहुणे, हा न्याय आपल्या संस्थेच्या सभासदांच्या घरी तरी नसावा.

आता पैशाचे. येथे आम्ही जरा अधिकाराने बोलतो. नकार आल्यानंतरच्या पंधरा दिवसांत घरी फोन येऊ लागतात, "आमच्याकडे व्यवस्थापन कोट्यात जागा आहे, आज पैसे भरा." अपमान धुऊन काढायच्या घाईत पालक दागिने मोडतात. त्यांना एक गोष्ट सांगितलेली नसते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि शिक्षण व परीक्षा शुल्काची माफी या सवलती केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशाला आहेत. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला त्या मिळत नाहीत. म्हणजे त्याच महाविद्यालयात, त्याच बाकावर, एकाला शुल्क माफ आणि दुसऱ्याच्या बापाला कर्ज.

आणि कर्ज कसे वाढते तेही पाहा. समजा दरवर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत सहा लाख रुपये उचलले, व्याज दहा टक्के. हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते. पाच वर्षांत सरळ व्याजच दोन लाख दहा हजार होते. हप्ता सुरू होताना डोक्यावर आठ लाख दहा हजार, आणि दहा वर्षे फेडायचे तर महिना सुमारे दहा हजार सातशे. मुलाला पहिली नोकरी किती पगाराची मिळेल याचा अंदाज त्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या चार मुलांना भेटून घ्यावा, माहितीपुस्तिकेतील फोटोंवरून घेऊ नये. पालक सहकर्जदार असतात, तेव्हा वडील निवृत्त कधी होणार हेही वहीत लिहावे. कर्ज वाईट असे आम्ही म्हणत नाही. चांगल्या संस्थेत नियमाने मिळालेल्या जागेसाठी कर्ज जरूर काढावे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये यासाठी केंद्र शासनाची हमी योजना २०१५ पासून आहे.

बाहेरगावी प्रवेश मिळाला व शासकीय वसतिगृहात जागा नसली तर स्वाधार योजनेचा अर्ज करावा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ही योजना २०१६-१७ पासून आहे. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा बरीच वर्षे अडीच लाख रुपये राहिली आहे, त्या वर्षीचा आकडा व अर्जाची मुदत पाहून घ्यावी. मर्यादेच्या वर उत्पन्न असणाऱ्यांना शुल्कमाफीसाठी वेगळा अर्ज करता येतो, हे नोकरदार सभासदांपैकी कित्येकांना माहीत नसते. कोणतेही महाविद्यालय मूळ कागदपत्रे अडकवून ठेवू लागले तर ते नियमाविरुद्ध आहे हेही सांगून ठेवतो.

शेवटी अकरावीत असलेल्यांसाठी. राखीव जागेवर प्रवेश हवा तर जात पडताळणी प्रमाणपत्र लागते आणि ते वेळेवर नसल्याने हाती आलेली जागा गेल्याची उदाहरणे दरवर्षी घडतात. अर्ज बारावी विज्ञानाच्या वर्षीच महाविद्यालयामार्फत करावा, निकालाची वाट पाहू नये. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही मिळाल्या, परंतु पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा पाहिला जातो. त्या काळच्या नोंदींत 'बौद्ध' असे लिहिलेले नसते, पूर्वीची जात असते. त्यामुळे नाव-आडनावातील फरकासह ती जुनी नोंदच शोधावी लागते. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा जुना उतारा यांपैकी जे मिळेल ते तहसील कचेरीतून व गावच्या शाळेतून काढावे. दिवाळीच्या सुटीत गावी जाल तेव्हा आजोबा हयात असतील तर त्यांना बरोबर न्यावे. कोणत्या शाळेत, कोणत्या आडनावाने नाव घातले होते, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते.