ना चालू, ना मोडीत

संपादकांना तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीवर लेख हवा होता. माझं कुतूहल मात्र तिच्या शेजारच्या, आता कायमच्या थंडावलेल्या ‘सायरस’वर अडकलं होतं. चालत्या यंत्राबद्दल सगळेच लिहितात. थांबलेल्या यंत्राजवळ रोज ड्युटीवर जाणारी माणसं तिथे नेमकं काय करतात, हे मला विचारायचं होतं.

अधिकृत इतिहास चार ओळींत उरकतो. कोलंबो योजनेखाली कॅनडाने भट्टी दिली, अमेरिकेने जड पाणी दिलं. 10 जुलै 1960 ला ती पहिल्यांदा क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यातली साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली. क्षमता 40 मेगावॅट, तीही उष्णतेची. विजेचा इथे संबंध नाही. रुग्णालयांना आणि कारखान्यांना लागणारी समस्थानिकं तिथे तयार झाली, शास्त्रज्ञांच्या पिढ्या तिथे शिकल्या, आणि 1974 च्या पोखरण स्फोटाचं प्लुटोनियमही तिथलंच. भारत-अमेरिका अणुकरारासाठी ठरलेल्या नागरी-लष्करी विलगीकरण योजनेनुसार 31 डिसेंबर 2010 ला ती कायमची बंद झाली.

या चार ओळींत एक मोठी फट राहते. 1997 मध्ये भट्टी थांबवली गेली आणि पुन्हा क्रिटिकल झाली ती थेट 2002 मध्ये. मधली पाच वर्षं ती ना चालू होती, ना मोडीत निघाली होती.

चेंबूरला राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी मला वेळ दिला. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी सायरसवर शिफ्टमध्ये काढली होती. “आकडे विचारायचे नाहीत,” हे त्यांनी चहा येण्याआधीच सांगून टाकलं. मग पाण्याविषयी बोलायला लागले आणि दोन तास पाण्याविषयीच बोलले.

भट्टी थांबवली की पहिली काळजी उष्णतेची असते. साखळी प्रक्रिया थांबते, पण इंधनात साठलेली किरणोत्सारी द्रव्यं तापत राहतात. थांबवल्या क्षणी ही उरलेली उष्णता पूर्ण शक्तीच्या साधारण सहा टक्के असते. म्हणजे 40 मेगावॅटच्या भट्टीत सुमारे अडीच मेगावॅट. दिवसभरात ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते, पुढे हळूहळू ओसरत जाते. सायरसला थंड करणारं गोडं पाणी आपली उष्णता समुद्राच्या पाण्याला देई, आणि पंप बंद पडलेच तर डोंगरावरच्या गोल टाकीतून पाणी आपोआप खाली उतरे. हा धोका सर्वांना ठाऊक असतो आणि त्याची तजवीजही चोख असते.

काही महिन्यांनी उष्णतेची भीती मागे पडते आणि पाण्याची पुढे येते. इंधनाचं आवरण अ‍ॅल्युमिनियमचं, भट्टीचं पात्रही अ‍ॅल्युमिनियमचं. या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो. पाण्यात क्लोराइड वाढलं की थराला बारीक छिद्रं पडतात. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात लोणचं ठेवू नये हे आपल्याकडे कुठल्याही घरात सांगतील. तेच हे, फक्त डब्यात लोणच्याऐवजी युरेनियम आहे. म्हणून पाणी सतत रेझिनमधून फिरवायचं, त्यातले क्षार काढायचे आणि त्याची वाहकता मोजायची. सेंटीमीटरला एक मायक्रोसीमेन्सच्या आसपास असेल तर निश्चिंत राहावं. काटा चढायला लागला की कुठेतरी काहीतरी विरघळतंय.

गृहस्थांना हा काटा प्राणप्रिय. भट्टी चालू असताना पाणी वाहतं आणि शंभर गोष्टींकडे शंभर डोळे लागलेले असतात. थांबल्यावर पाणी साचतं, कोपऱ्यात गाळ बसतो, आणि रीडिंग घेणाऱ्याला वाटू लागतं की कालचाच आकडा आज लिहिला तर काय बिघडलं. “तोच आकडा रोज आला तरी रोज जाऊन बघायचा. याला नोकरी म्हणतात,” ते म्हणाले. पाण्याखेरीज इतर कामंही होतीच. न चालणाऱ्या पंपाचा शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवायचा, मोटरला मेगर लावून इन्सुलेशन तपासायचं, झडपा उघडझाप करून बघायच्या. तुर्भ्याची हवा खारी आणि दमट. तिथे न वापरलेली वस्तू वापरलेल्या वस्तूहून लवकर गंजते.

पण सायरसची ती पाच वर्षं ठरवून घेतलेली होती, हे विसरता येत नाही. नव्वदीच्या दशकात तिच्या वार्धक्याची पद्धतशीर तपासणी झाली. मग इंधन काढून घेतलं, जुनं पाइपिंग तपासलं, बदललं. जड पाण्यावर हेलियमचा थर असतो. तो जिथून गळत होता तिथे माणसाचा हात पोचत नव्हता, म्हणून दुरून चालणाऱ्या हत्यारांनी दुरुस्ती झाली. पुन्हा सुरू झाल्यावर तिच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं करणारा छोटा प्रकल्पही जोडला गेला. थांबण्याला हेतू होता, पैसा होता आणि शेवट कुठे आहे हे माहीत होतं.

हे नसलं की काय होतं, ते बेलग्रेडजवळच्या विंचा संस्थेत दिसतं. तिथली ‘आरए’ ही 6.5 मेगावॅटची भट्टी 1984 मध्ये नूतनीकरणासाठी थांबवली. मग देश फुटला, युद्धं झाली, निर्बंध आले, चलन कोसळलं. भट्टी पुन्हा सुरू करायची नाही, हा निर्णय व्हायला 2002 उजाडलं. अठरा वर्षं! तोवर वापरलेल्या इंधनाचे 8,030 तुकडे, प्रत्येक जेमतेम 11 सेंटीमीटर लांब, तळघरातल्या हौदांत पडून होते. पाणी साधं नळाचं आणि साचलेलं. अ‍ॅल्युमिनियम शेजारच्या पोलादाला टेकलं की आणखी जलद झिजतं, आणि तिथे ते टेकलेलंच होतं. आवरणं फुटली, सीझियम-137 पाण्यात उतरलं. इंधन भरलेल्या हवाबंद पिंपांत वायू साठून दाब वाढल्याची धास्ती वेगळीच.

ऑगस्ट 2002 मध्ये तिथलं 48 किलो न वापरलेलं, अतिसमृद्ध युरेनियम कडक बंदोबस्तात रशियाला गेलं. त्याच्यासाठी अमेरिकेचं सरकार धावलं, कारण त्यातून बॉम्ब होऊ शकला असता. कुजणाऱ्या इंधनासाठी मात्र सुरुवातीला कोणी उत्सुक नव्हतं. एका खासगी अमेरिकी संस्थेने पन्नास लाख डॉलर देऊ केले, तेव्हा व्यवहार पुढे सरकला. हे इंधन रशियाला पोचलं डिसेंबर 2010 मध्ये. कोणाला कुठल्या गोष्टीची भीती वाटते, यावर जगाचा पैसा ठरतो. तळघरातल्या घाण पाण्याला कोण घाबरतो?

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 2004 मध्ये संशोधन भट्ट्यांच्या सुरक्षेची आचारसंहिता स्वीकारली. त्यात अशा लांबलेल्या थांब्यांचा वेगळा विचार आहे. पण ती ऐच्छिक. खरी अडचण कागदात सापडत नाहीच. चालू भट्टीचा अर्थसंकल्प असतो, मोडीत काढायच्या भट्टीचा प्रकल्प असतो. मधल्या अवस्थेतल्या भट्टीला दोन्ही नसतं. हुशार मुलं तिथे बदली मागत नाहीत, कारण न चालणाऱ्या भट्टीवर काय शिकणार? जुनी माणसं निवृत्त होतात आणि कुठली झडप अर्धा फेरा जास्त फिरवावी लागते हे त्यांच्याबरोबर जातं. नकाशे असतात, पण दुरुस्तीवर दुरुस्ती झालेली यंत्रणा नकाशासारखी उरलेली नसते.

आपल्याकडेही मला एक गोष्ट खटकते. भाभा केंद्रातल्या भट्ट्यांवरची सुरक्षा-देखरेख 2000 सालापासून अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नाही, केंद्राच्याच सुरक्षा परिषदेकडे आहे. त्या परिषदेतली माणसं तज्ज्ञ असतील, कडकही असतील. पण थांबलेल्या भट्टीवर खर्च करायचा की चालत्या भट्टीवर, हे ठरवणारं आणि त्या खर्चाबद्दल जाब विचारणारं घर एकच असणं मला पटत नाही. गृहस्थांना हे विचारलं, तर त्यांनी हसून कप खाली ठेवला आणि रेझिन किती दिवसांनी बदलावं लागतं ते सांगायला लागले.