खणासारखा ओढता येणारा संगणक

शाळेच्या संगणक-कक्षातील एखादा संगणक बंद पडला की पुढे काय होते, हे आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. पेटीचे झाकण कसेबसे निघते, आत तारांचे जंजाळ दिसते आणि हात घालायला कोणी धजत नाही. पुष्कळदा बिघाड अगदी किरकोळ असतो: धुळीने अडकलेला पंखा किंवा सैल झालेली मेमरीची पट्टी. पण तेवढ्यासाठी अख्खा संगणक महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून राहतो. आतील भाग सहज बाहेर काढता येतील आणि तरीही टेबलावर थोडीच जागा अडवील, अशी पेटी आपल्याला बनवता येईल का? या प्रश्नाच्या निमित्ताने भूमिती, उष्णता आणि यंत्ररचना यांची बरीच उजळणी होते.

पेटीत किती जागा रिकामी असते?

नेहमीची उभी पेटी साधारण ४० सें.मी. उंच, १८ सें.मी. रुंद आणि ४० सें.मी. खोल असते. तिचे घनफळ झाले सुमारे २९ लिटर. यातील बहुतेक जागेत नुसती हवा असते. याला एक कारण आहे. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाचे प्रमाण मांडले. त्यात मदरबोर्डचा पूर्ण आकार ३०५ × २४४ मि.मी. होता आणि नंतर अनेक जोडपट्ट्या लावता याव्यात अशी त्यात सोय होती. आज ध्वनी, जाळेजोडणी आणि बऱ्याचदा चित्र यांचीही सोय मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरमध्येच असते. त्यामुळे शाळेच्या कामाला जोडपट्ट्या क्वचितच लागतात. २००१ साली व्हिया या कंपनीने मिनी-आयटीएक्स हे १७० × १७० मि.मी.चे प्रमाण आणले. त्यातील स्क्रूची चार भोके एटीएक्सच्याच भोकांपैकी चार ठिकाणी ठेवली, हे महत्त्वाचे. म्हणून असा लहान बोर्ड मोठ्या पेटीतही बसतो आणि वीस वर्षांपूर्वीच्या पेटीत आजचा बोर्डही लावता येतो.

आता आपल्या पेटीचा हिशोब मांडू. मधोमध दीड मि.मी. जाडीचा ॲल्युमिनियमचा एक उभा पत्रा आहे अशी कल्पना करा. त्याला आपण 'कणा' म्हणू. कण्याच्या उजव्या बाजूला मदरबोर्ड येईल. त्यासाठी पितळी खुंट्यांची उंची ६.५ मि.मी., बोर्डाची जाडी १.६ मि.मी., प्रोसेसरवरील बुटक्या पंख्याची व पात्यांची उंची सुमारे ४७ मि.मी. आणि त्यापुढे हवेला २० मि.मी. जागा लागेल. ही बेरीज ७५ मि.मी. होते. डाव्या बाजूला एसएफएक्स प्रकारचा पॉवर सप्लाय येईल. तो १२५ × १०० × ६३.५ मि.मी.चा असतो. थोडी मोकळीक धरून तिकडे ७३ मि.मी. लागतील. म्हणजे पेटीची रुंदी १५० मि.मी. झाली. उंची १८० मि.मी. पुरते. खोलीसाठी बोर्डाचे १७० मि.मी., पुढच्या पंख्याचे २५ मि.मी. आणि थोडी मोकळी जागा मिळून २१० मि.मी. धरू. एकूण घनफळ सुमारे ५.७ लिटर, म्हणजे मोठ्या पेटीच्या एक-पंचमांश! तारांसाठी पॉवर सप्लायच्या शेजारी जागा उरते. ती राखून ठेवावीच लागते, कारण जाड तारांची जुडी कागदावरच्या रेघेसारखी काटकोनात वळत नाही.

काडेपेटीचे तत्त्व

आतील भाग बाहेर कसे काढायचे? याचे उत्तर काडेपेटीत आहे. काडेपेटीला एक कवच असते आणि त्यात सरकणारा खण असतो. आपल्या पेटीचे कवच म्हणजे दोन्ही टोकांना उघडी असलेली पत्र्याची नळी. पुढची पाटी, कणा आणि मागची पाटी एकमेकांना जोडली की झाला खण. तो पुढून ओढला की संगणक अखंड बाहेर येतो. कवचाच्या आतल्या बाजूला दोन समांतर खाचा ठेवायच्या आणि त्यांत कण्याच्या कडा सरकवायच्या.

येथे विज्ञानाच्या शिक्षकांना एक चांगले उदाहरण मिळते. अवकाशातील कोणत्याही घन वस्तूच्या हालचालीला सहा वाटा असतात: तीन दिशांनी सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. आपल्या खाचा यांतील पाच वाटा बंद करतात. पुढे-मागे सरकणे एवढी एकच वाट उरते, ती एका स्क्रूने बंद होते. म्हणजे तत्त्वतः एक स्क्रू पुरेसा आहे. विनाकारण आठ स्क्रू लावले तर पेटी अधिक मजबूत होत नाही. पत्रा मात्र ओढला जातो आणि भोके जुळेनाशी होतात.

खण आणि कवच यांत फट किती ठेवावी? पत्रा वाकवणाऱ्या साध्या वर्कशॉपमध्ये अर्धा मि.मी. इकडे-तिकडे होणारच. ॲल्युमिनियम तापून किती वाढते तेही पाहू. त्याचा प्रसरणांक अंशाला सुमारे ०.००००२३ आहे. २१० मि.मी. लांबीचा पत्रा ३० अंशांनी तापला तर सुमारे ०.१५ मि.मी. वाढतो. तेव्हा फट ठरते ती उष्णतेमुळे नव्हे तर घडणीतील चुकांमुळे. प्रत्येक बाजूला १ मि.मी. ठेवली की भागते.

आमची एक चूक

मोजमापाच्या एका उपकरणाशेजारी टेबलावर जागा नव्हती, म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही प्रयोगशाळेत अशी पेटी करून पाहिली. पहिल्या नमुन्यात पंखा आम्ही कवचावर बसवला होता. त्याची तार खण सरकवण्याआधी हाताने जोडावी लागे. एकदा दुरुस्तीनंतर खण आत गेला आणि तार जोडायची राहिली. संगणक सुरू होई, दहा-पंधरा मिनिटे चाले आणि आपोआप बंद पडे. आम्ही मेमरी बदलली, पॉवर सप्लाय बदलला आणि दोन दिवस प्रोग्राममधील चूक शोधत बसलो. शेवटी कोणीतरी पेटीला कान लावला तेव्हा उलगडा झाला.

त्यातून आम्ही एक नियम केला: कवचावर काहीही बसवायचे नाही. पंखा, चालू करण्याचे बटण, दिवा, सारे खणावरच हवे. कवच आणि खण यांच्यामध्ये एकही तार नको. असे केले तर कवच न घालताही संगणक खणासह तपासता येतो आणि विसरण्यासारखे काही उरतच नाही.

हवेचा हिशोब

पेटी लहान केली तरी आतील उष्णता कमी होत नाही. समजा, पूर्ण कामावर असताना संगणक १२० वॅट वीज घेतो. ही जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता होऊनच बाहेर पडते. कवचाच्या सर्व बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे ०.१९ चौ.मी. आहे. स्थिर हवेत तापलेल्या पत्र्याकडून अभिसरण आणि प्रारण मिळून प्रत्येक चौ.मी.मागे, प्रत्येक अंशाच्या फरकाला, साधारण १० वॅट जातात. म्हणजे नुसत्या पत्र्यातून १२० वॅट घालवायचे तर तो खोलीपेक्षा साठ-एक अंशांनी तापावा लागेल! तेव्हा हवा खेळती ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

किती हवा लागेल? एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम असते. एक ग्रॅम हवा एक अंशाने तापवायला सुमारे १ जूल लागतो. म्हणून १० अंशांनी तापून बाहेर पडणारी प्रत्येक लिटर हवा १२ जूल घेऊन जाते. सेकंदाला १२० जूल न्यायचे तर सेकंदाला १० लिटर हवा हवी. आपली पेटी ५.७ लिटरची. म्हणजे तिच्यातील हवा सेकंदाला जवळजवळ दोनदा बदलली पाहिजे. विदर्भात एप्रिलच्या दुपारी वर्गातच ४० अंश असतील तर पेटीतून निघणारी हवा ५० अंशांची असेल, हेही ध्यानात ठेवावे.

१२० मि.मी.चा पंखा मोकळ्या हवेत यापेक्षा बरीच जास्त हवा ढकलतो, पण जाळी आणि तारा आड आल्या की त्याचा वेग खूप घटतो. म्हणून पुढच्या पाटीवरील पंख्याने हवा आत घ्यावी व त्याच्यापुढे धुता येणारी जाळी लावावी. आत हवेचा दाब किंचित अधिक राहिला की धूळ फटींतून शिरत नाही. पॉवर सप्लायच्या पंख्यासमोर कवचाला भोके ठेवायला विसरू नये.

विजेची काळजी

पॉवर सप्लाय ही बंद पेटी आहे. ती कधीही उघडू नये. कवच धातूचे असल्याने त्याला अर्थिंग मिळालेच पाहिजे. रंग विजेचा दुर्वाहक आहे, म्हणून कुलूप-स्क्रू जेथे बसतो तेथील रंग खरवडून धातूला धातू भिडू द्यावा. आणखी एक युक्ती आहे. हा स्क्रू मागच्या पाटीवर विजेच्या खटक्याच्या अगदी खाली बसवावा. मग दोरीचा प्लग काढल्याशिवाय पेचकस स्क्रूपर्यंत पोचतच नाही. सूचना लिहून चिकटवण्यापेक्षा अशी रचना अधिक भरवशाची.

दोन बोधप्रद उदाहरणे

अॅपल कंपनीने २००० साली 'पॉवर मॅक जी४ क्यूब' हा संगणक आणला. त्याची बाजू सुमारे २० सें.मी.ची होती. तो उलटा करून दांडी वर काढली की आतील संपूर्ण गाभा बाहेर येई. त्यात पंखा नव्हता. खालून गार हवा शिरे आणि तापून वरच्या झरोक्यातून निघे. रचना इतकी देखणी होती की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो संग्रही ठेवला. पण तो महाग होता, विक्री थोडीच झाली आणि २००१ साली त्याचे उत्पादन थांबले.

२०१३ साली याच कंपनीने नळकांड्याच्या आकाराचा मॅक प्रो आणला. कवच वर उचलले की त्रिकोणी धातूच्या गाभ्याभोवती तीन बोर्ड दिसत. तो उघडायला सोपा होता, पण गाभा ठरावीक मांडणीसाठीच घडवलेला होता. पुढे अधिक उष्णता देणारा एकच मोठा चित्र-प्रोसेसर वापरायची वेळ आली, तेव्हा त्याला जागाच नव्हती. उष्णतेच्या बाबतीत आपणच आपली कोंडी करून घेतल्याचे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी २०१७ साली मान्य केले. २०१९चा मॅक प्रो पुन्हा मोठ्या पेटीत आला. कवच उचलून काढण्याची सोय मात्र तशीच राहिली.

यावरून दिसते की, आतील भाग बाहेर काढता येणे पुरेसे नाही. त्यांच्या जागी दुसरे बसवताही आले पाहिजेत. आपल्या पेटीत बोर्डाची भोके आणि पॉवर सप्लायचा आकार प्रमाणित आहे. त्यामुळे संगणक जुना झाला तरी पेटी जुनी होत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

जाड पुठ्ठ्याची १५० × १८० × २१० मि.मी.ची नळी करा. बोर्ड आणि पॉवर सप्लाय यांच्या मापाचे ठोकळे कण्यावर चिकटवून खण सरकतो का पाहा. तारांसाठी खऱ्या जाडीच्या सुतळ्या लावा. गैरसोय कोठे होते ते लगेच कळेल.

उष्णतेसाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्या. त्यात मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब पत्र्याला न टेकता टांगा व तो बॅटरीवर लावा. एकदा फक्त वर भोके, एकदा फक्त खाली आणि एकदा दोन्हीकडे भोके ठेवून अर्ध्या तासाने आतील तापमान नोंदवा. डबा खाली दोन पट्ट्यांवर उचलून ठेवायला विसरू नका, नाहीतर खालची भोके असून नसल्यासारखीच. तीनही नोंदी फळ्यावर शेजारी-शेजारी मांडल्या की शाळेतील संगणक भिंतीला चिकटवून ठेवावा की नाही, हे मुलेच सांगतील.